माळवदाच्या घरावर मांडणशिल्प: माती, वजन, देवळीचा साचा आणि वाकळा

काळी_पांढरी (लातूर)

नमस्कार मंडळी. पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनासाठी मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) करते आहे. विषय घरचाच. औसा तालुक्यातलं आमचं जुनं घर दोन खणांचं (खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा), माळवदाचं, म्हणजे लाकडी कड्यांवर मातीचं सपाट छत असलेलं. १९९३ च्या भूकंपात ते पडलं, गाव नव्या जागी वसलं आणि पुनर्वसनात २५० चौरस फुटांचं घर मिळालं. जुन्यातलं उरलंय ते एवढंच: आजीच्या हातच्या सहा वाकळा (गोधड्या), एक घंगाळ, कडीपाटातली (कड्या-फळ्यांच्या छतातली) एक सागवानी कडी (लांबी सात फूट) आणि चुलत्यांनी आठवून काढलेला घराचा नकाशा. त्यात एकही माप फुटात नाही, सगळं खणात आणि हातात.

मिळालेली खोली पहिल्या मजल्यावर आहे. १८ × २४ फूट, उंची ११ फूट, आरसीसी स्लॅब. प्रदर्शन फेब्रुवारीत, दहा दिवस.

बेत असा आहे की फरशीवर गावची काळी आणि पांढरी (जुन्या वस्तीच्या जागेवरची) माती पसरायची. डोक्यावर सात फुटांवर खऱ्या मातीचं माळवद टांगायचं आणि लोकांनी त्याखालून जायचं. देवळी (भिंतीतला कोनाडा) प्लास्टरमध्ये ओतायची, त्यासाठी शेजारच्या गावात नात्यातलं एक माळवदाचं घर अजून उभं आहे. वाकळा टांगायच्या. घरच्यांचं बोलणं ऐकवायचं.

यातलं काय झेपेल, काय नाही? मातीला भेगा पडू द्याव्यात की नाहीत? वाकळा खराब न होता कशा लावाव्यात? आणि हे सगळं मिळून "गावाकडचं घर" नावाचा सेल्फी पॉइंट होऊ नये म्हणून काय टाळावं?

---

तुळई

ताई, माती टांगायचा विचार आजच सोडून द्या. हिशेब बघा. कोरडी, चाळलेली, सैल माती घनफुटाला ३५ ते ४० किलो भरते. धुमसून बसवलेली ४५ ते ५०. दहा बाय बाराचं, फूटभर जाडीचं माळवद म्हणजे १२० घनफूट, म्हणजे साडेपाच टनांच्या आसपास. थर दोन इंचांवर आणला तरी नऊशे किलो, आणि तेही लोकांच्या डोक्यावर. कुठलंही महाविद्यालय याला परवानगी देणार नाही, आणि दिली तरी तुम्ही घेऊ नका.

खाली पसरायला मात्र हरकत नाही. तेवढ्याच जागेत दोन इंच सैल माती म्हणजे २० घनफूट, साडेसातशे किलो. ११ चौरस मीटरवर विभागली की चौरस मीटरला ६८ किलो. वर्गखोलीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला ३०० किलोच्या आसपास चल भार (माणसं, सामान यांचा) धरून काढलेला असतो, सभागृहाचा त्याहून जास्त. इमारत जुनी असेल, स्लॅबला खालून गिलावा सुटलेला किंवा सळई उघडी दिसत असेल, तर स्थापत्यच्या माणसाला दाखवल्याशिवाय एक पोतंही वर चढवू नका. पोती चढवताना ती एकाच कोपऱ्यात रचून ठेवायची नाहीत. पंचवीस पोत्यांची थप्पी चार फुटांत लावली की तो भार पसरलेला राहत नाही. बहुतेक ठिकाणी घोळ इथेच होतो, मांडणीत नाही.

जुन्या घराचं वजन दाखवायचंच असेल तर त्याला सरळ रस्ता आहे. एक फूट बाय एक फुटाची, दीड फूट उंचीची लाकडी पेटी करा. तिच्यात घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून माळवदाचे थर त्याच क्रमानं धुमसा: तळाला फळी, मग काटक्या-पाला, मग चिखल, मग पांढरी. दर वर्षी पावसाळ्याआधी नवी पांढरी पडायची, तिचे दोन-तीन पातळ थर वेगळे दिसू द्या. ओल जरा वाळली की पेटीच्या बाजू काढा. हा ठोकळा ६५ ते ७० किलो भरेल. तो भुसार दुकानात असतो तशा प्लॅटफॉर्म काट्यावर ठेवा, वजनांचा जुना काटा मिळाला तर उत्तम. इलेक्ट्रॉनिक काटा घेतलात तर आपोआप बंद होण्याची सोय आधी काढून टाका, नाहीतर दर पाच मिनिटांनी कुणीतरी बटण दाबायला उभं राहावं लागेल. ठोकळा ओला असताना ठेवलात तर दहा दिवसांत तीन-चार किलो उतरतील. तो आकडा रोज पाटीवर लिहायचा. शेजारी फक्त एक ओळ: एका खणावर असे किती ठोकळे होते. चाळीस चौरस फुटांचा खण धरला तर चाळीस ठोकळे, पावणेतीन टन.

डोक्यावर कापड टांगा. चौकट बांबूची किंवा अॅल्युमिनियमच्या चौकोनी पाइपची, कापडासकट वीस किलोच्या आत. सहा ठिकाणी ८ मिमीचे अँकर फास्टनर, आणि तेही स्लॅबमध्ये. तुळईच्या खालच्या अंगाला भोक पाडायचं नाही, तिथं मुख्य सळई असते. फॉल्स सीलिंगच्या पट्ट्यांना तर काहीच अडकवायचं नाही. दोरी नायलॉनची नको. ती रात्रीतून ताणली जाते आणि सकाळी चौकट एका अंगाला झुकलेली दिसते. ३ मिमीची वायर रोप घ्या, प्रत्येक टोकाला दोन क्लिपा, क्लिपेचा खोगीर भाग ज्या दोरीवर भार आहे तिच्यावर. उलटी लावली तर दोरी चेमटते आणि घसरते. सहापैकी निदान चार दोऱ्यांना टर्नबकल (फिरवून दोरी ताणायचा स्क्रू) असू द्या, पातळी नंतर साधता येते.

---

मातकाम

भेगा "पडू द्याव्यात की नाही" हे एकदाच ठरत नाही, कारण तुमच्या दोन्ही माती अगदी उलट वागतात.

काळी पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. नुसती काळी कालवून दोन इंच पसरली तर तळहाताएवढी ढेपळं सुटतील आणि कडा वर उचलतील. थर जाड तर भेगा लांब-लांब आणि रुंद, थर पातळ तर जाळी बारीक. खाली प्लास्टिक गुळगुळीत असेल तर मोठे तुकडे सरकून वाकतात. खाली गोणपाट चिकटवलेलं असेल तर माती धरून राहते आणि भेगा बारीक, दाट पडतात. म्हणजे भेगांचं रूप तुम्हाला तळ आणि जाडी बदलून हवं तसं घेता येतं. पण ज्या भागावर लोक चालणार तिथं भेगा नकोत. टाच अडकते आणि तुकडे फुटून धूळ होते.

चालायच्या जमिनीसाठी: एक घमेलं काळी, दोन घमेली चाळलेली वाळू, अर्धं घमेलं गव्हाचा भुसा आणि दोन ओंजळी अंबाडीचे धागे, दोन-तीन सेंटिमीटर कापलेले. मातीत धागा घालायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांखाली माती आणि वनस्पतींच्या तंतूंचाच गिलावा आहे, आणि वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. हा चिखल आठवडाभर मुरू द्या, रोज एकदा तुडवा. मुरल्याशिवाय पसरला तर भुसा वर तरंगतो आणि पापुद्रे सुटतात. आधी फूटभर चौकोनी ट्रेमध्ये तीन वेगवेगळी प्रमाणं लावून बघा. गावोगाव काळीतलं चिकणमातीचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे माझं प्रमाण तुमच्या मातीला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही.

पांढरी भेगाळत नाही, पण तिचं पीठ होतं. शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेल्या भिंती त्यात असतात, म्हणून ती अशी हलकी आणि भुरभुरीत. बंद खोलीत लोक तिच्यातून चालले की तासाभरात नाकात जाते. ती चालायच्या जागी वापरूच नका. आकृती भरायला वापरा आणि वरून गव्हाच्या पिठाची अगदी पातळ खळ फवारा: एक लिटर पाण्यात २० ग्रॅम पीठ शिजवून, गाळून. दाट झाली तर वाळल्यावर चकाकते आणि बुरशी धरते. फवारणीच्या पाण्यात चिमूटभर बोरॅक्स टाकलं तर बुरशी थांबते.

क्रम असा. माती आणून आठ दिवस कडक उन्हात पातळ पसरायची, ४ मिमीच्या चाळणीतून काढायची. ऊन दिलं नाही तर पाचव्या दिवशी हरळी आणि कुंदा उगवतो, शिवाय वाळवी घेऊन येता ते वेगळंच. फरशीवर २५० मायक्रॉनचं प्लास्टिक, जोड एक फूट एकमेकांवर, कडेला २ × १ इंची लाकडी पट्टी. प्लायवुडवर ओला चिखल घालायचा असेल तर मध्ये प्लास्टिक हवंच, नाहीतर प्लाय फुगून पोट काढतो. इंचभराचा थर फेब्रुवारीच्या हवेत खिडक्या उघड्या ठेवून पाच-सहा दिवसांत चालण्याजोगा होतो. त्यानंतर शेण आणि पांढरीचं सारवण, दोन हात, पहिला उभा, दुसरा आडवा. वास दोन-तीन दिवसांत जातो, म्हणून उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सारवू नका. चपला दाराबाहेर. घरातच चाललोय म्हटल्यावर कुणी कुरकुरत नाही, आणि बुटांनी सारवण दोन दिवसांत उकलतं.

जुन्या गावठाणातून माती घेताना ग्रामपंचायतीला लेखी कळवा. पांढरीत खापरं, मणी, जुनी नाणी निघाली तर माती तिथंच थांबवायची. आपल्या भागात ही शक्यता हसण्यावारी न्यायची नाही. तेरच्या पांढरीतून सातवाहन काळातलं किती निघालं ते तिथल्या संग्रहालयात मांडलेलंच आहे.

---

काळी_पांढरी

काट्याची कल्पना घेतली, माळवद टांगणं रद्द. पण मग डोक्यावरच्या कापडावर काय? कोरं पांढरं कापड मंगल कार्यालयाच्या मांडवासारखं दिसेल अशी भीती वाटते. आणि चुलत्यांचा नकाशा फुटात कसा आणायचा? त्यांच्या मते खण म्हणजे "खणाएवढा".

---

खणपट

नकाशाचं कोडं तुमच्या घरातच सुटतंय. ती सात फुटी कडी बघा. कडी दोन तुळयांवर टेकलेली असते. घरात चूल पेटत होती, म्हणजे कडीचा उघडा भाग धुरानं काळवंडलेला असणार आणि टेकूवरचा भाग मूळ लाकडाच्या रंगाचा. दोन्ही टोकांना काळं-पिवळं जिथं वेगळं होतं तिथं बारीक रेघ दिसेल. कडी धुऊ नका, पॉलिश तर मुळीच नको. त्या दोन रेघांमधलं अंतर मोजा: तेच दोन तुळयांमधलं मोकळं अंतर, त्यात टेकूची रुंदी मिळवली की खण. टोकाला सहा-सहा इंच कोरं निघालं तर मोकळं अंतर सहा फूट. हाताचं माप चुलत्यांच्याच हातानं घ्या, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. दीड फूट धरून चालू नका, उंच माणसाचा हात अठरा इंचांच्या पुढे जातो आणि दहा हातांत फूटभर फरक पडतो.

आता मुख्य गोष्ट. तुमच्याकडे दोन घरांची मापं आहेत आणि खोली त्या दोन्हींना पुरते. १८ × २४ म्हणजे ४३२ चौरस फूट. जुन्या घराचा आराखडा आणि पुनर्वसनाच्या घराचा आराखडा, दोन्ही एकास एक मापात, एकमेकांवर मांडा. जुनं घर पांढरीनं भरा, नवं फक्कीच्या एका रेघेनं. क्रिकेटच्या मैदानाला मारतात तीच फक्की, दोरी ताणून, दोन इंच रुंद.

अंदाजानं करून बघू. दोन खण, आत १२ × १० फूट. भिंती अडीच फुटी. बाहेरून माप होतं १७ × १५, म्हणजे २५५ चौरस फूट. आत राहायला १२०. निम्म्याहून जास्त जागा भिंतीच खातात! आणि नवं घर २५०. म्हणजे कागदावर दोन्ही जवळजवळ सारखी, आत शिरलं तर नवं दुप्पट मोठं. मग घरातले म्हातारे अजून "जागा पुरत नाही" का म्हणतात? कारण हिशेबात ढाळज (दाराशी बसायची जागा) नाही, अंगण नाही, उन्हाळ्यात झोपायचं माळवद नाही, शेजारच्या घराला लागून असलेली भिंत नाही. नवी गावं चौकटीच्या आखणीत बसवली, घरं जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची दिली, भावकी पांगली. हे सगळं पाटीवर लिहून सांगायची गरज नाही. माणूस पांढरीच्या भिंतीवरून फक्कीच्या रेघेत पाय टाकतो तेव्हा त्याला जाणवतं.

भिंतीही नुसत्या भरू नका. ती घरं पडली ती दगड कमी होता म्हणून नाही. भिंतीला आतली आणि बाहेरची अशी दोन अंगं, मध्ये चिपा-मातीचा भराव, आणि दोन्ही अंगांना आरपार बांधणारा दगड कुठेच नाही. हादऱ्यात दोन्ही अंगं एकमेकांपासून सुटली, त्यावर दरवर्षी वाढत गेलेलं माळवद. बऱ्याच घरांत खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला. म्हणून आराखड्यात भिंतीची दोन अंगं दोन वेगळ्या पट्ट्यांत काढा, नऊ-नऊ इंचांच्या, आणि मधला फूटभर पट्टा मोकळा ठेवा किंवा चिपांनी भरा. खांबांच्या जागी फक्त जोत्याचे दगड.

घराचं माप हाच आशय करणारे बरेच जण आहेत. कोरियाच्या दो हो सुह यानं १९९९ मध्ये आई-वडिलांचं पारंपरिक घर एकास एक मापात रेशमात शिवलं. ते छताला टांगता येतं आणि घडी करून पेटीत मावतं. मुद्राचित्रकार झरीना हाश्मी यांनी सोडून आलेल्या घरांचे आराखडे ठशांत कोरले. आपल्या शेजारचं उदाहरण प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे, घर खाणकामगारांचं, आणि चित्रं कोळशानं थेट भिंतीवर. तिघांकडेही घरातली वस्तू काचेत मांडलेली नाही. घरानं दिलेलं माप, शिवण किंवा साहित्य कामाला लावलेलं आहे. माझं स्पष्ट मत: घंगाळ आणू नका. घंगाळ आलं की पुढे कंदील येतो, मग जातं, मग तुम्हाला भीती वाटते तो सेल्फी पॉइंट.

मातीच्या भाराची काळजी कुणी काढली तर सांगायला एक दाखला. अमेरिकन शिल्पकार वॉल्टर दी मारियाची न्यूयॉर्कमधली मातीची खोली १९७७ पासून आहे, आणि ती तळमजल्यावर नाही. सुमारे ३३५ चौरस मीटरवर २२ इंच माती, १२७ टन. चौरस मीटरला ३८० किलो होतात. ती नियमित पाणी मारून, दाताळ्यानं ओढून सांभाळतात. तुमचं त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं.

---

ओतारी

देवळीबद्दल. जिथं साचा घेणार ती देवळी दिव्याची आहे की देवाची ते आधी विचारा. देव बसलेली असेल तर दुसरी शोधा.

कच्च्या भिंतीत थेट प्लास्टर ओतू नका. प्लास्टरचं पाणी माती पिते, भिंतीचा पोपडा सुटून येतो, आणि प्लास्टर बसताना किंचित फुगतं. बहुतेक देवळ्या तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असतात, त्यामुळे भरीव ठोकळा आत अडकला तर फोडूनच काढावा लागतो, आणि घर दुसऱ्याचं आहे. साबणाचं पाणी लावायचं म्हटलं तर माती विरघळते.

कागदाचा साचा घ्या. मऊ कुंच्यानं सैल धूळ झाडा, काजळी मात्र राहू द्या. पतंगाच्या कागदाचे तळहाताएवढे तुकडे पाण्यात जेमतेम ओले करून पहिला थर खळीशिवाय लावा, कोरड्या कुंच्यानं ठोकून खाचाखोचांत बसवा. त्यावर खळीनं वर्तमानपत्राचे सहा-सात थर, एक उभा एक आडवा. दोन-दोन थरांनंतर वाळू द्या. सगळे एकदम लावले तर आतला थर कुजतो आणि साचा लोंबतो. साचा उभ्या रेघेत दोन तुकड्यांत करा, मध्ये प्लास्टिकची पट्टी घालून. वाळला की एक तुकडा आत सरकवून आधी बाहेर, मग दुसरा. दिव्याची काजळी पतंगाच्या कागदावर उतरून येते, वरच्या कमानीला दाट आणि खाली विरळ, ज्योत कुठे होती ते कळतं.

बाहेर आलेला साचा उलटा असतो, म्हणजे देवळी नाही, देवळीतली पोकळी. तसंच ठेवायचं असेल तर काम संपलं. ब्रिटिश शिल्पकार रेचल व्हाइटरीडनं १९९३ मध्येच लंडनमध्ये एका घराच्या आतली सगळी पोकळी काँक्रीटमध्ये ओतली होती, ते काम १९९४ च्या जानेवारीत पाडलं. तुम्हाला खरी देवळी हवी असेल तर या कागदी साच्याला शेलॅकचे (लाखेच्या रोगणाचे) दोन हात आणि वर पातळ व्हॅसलीन लावून त्याभोवती प्लास्टर चढवा. काजळीचा ठसा मात्र शेलॅकखाली जाईल, तेव्हा साचे दोन घ्या.

प्लास्टर पाण्यात टाकायचं, पाणी प्लास्टरमध्ये नाही. एक किलो प्लास्टरला ७०० मिली पाणी, शिंपडत जायचं, मिनिटभर भिजू द्यायचं, मग हात बुडवून सावकाश ढवळायचं. जोरात ढवळलं तर बुडबुडे राहतात आणि लवकर बसतं. पहिला हात नुसता, दुसऱ्या हातात काथ्या किंवा गोणपाटाच्या पट्ट्या. जाडी पाऊण इंच. १२ × १० इंचांची, ९ इंच खोल देवळी भरीव ओतली तर वाळल्यावरही वीस किलो भरते, पोकळ केली तर सात-आठ. वाळायला आठ दिवस धरा. ओल्या प्लास्टरला रंग किंवा माती लावली तर नंतर पांढरं मीठ फुलून येतं.

---

सूतपुतळी

कापडाचं बोलते. छताला मांजरपाट घ्या, पण आधी धुऊन. कोरा मांजरपाट पहिल्या धुण्यात मीटरमागे पाच-सात सेंटिमीटर आटतो आणि पाण्याचा शिडकावा झाला तरी ताणलेली चौकट वाकवतो. कोरं पांढरं वाटू नये म्हणून त्यावर नात्यातल्या त्या घराच्या कडीपाटाचा घासठसा घ्या. कापड खालून कडीपाटाला टाचण्यांनी ताणून लावायचं, आणि कापसाच्या बोळ्यात गेरू व काजळी घेऊन कोरडं घासायचं. कड्या, फळ्यांचे जोड, खिळे सगळं उमटतं. डोकं वर करून तासभर घासलं की मान धरते, दोघी-दोघींनी आळीपाळीनं करा. माळवदातल्या झरोक्याची जागा कापडात तशीच कापून मोकळी ठेवा. ठसा पक्का करायला पातळ डिंकाचं पाणी लांबून फवारा.

ठसा घेण्याआधी कापड आगीसाठी तयार करायचं: १० लिटर कोमट पाण्यात ७०० ग्रॅम बोरॅक्स आणि ३०० ग्रॅम बोरिक अॅसिड, पूर्ण बुडवून, न पिळता वाळवायचं. एक चिंधी बाहेर नेऊन काडी लावून बघा. ज्योत काढल्यावर विझली पाहिजे, नुसती काळी पडली तर चालेल. नंतर पाणी लागलं तर हा गुण निघून जातो, पुन्हा करावं लागतं.

वाकळांचं. दोन कोपरे धरून टांगायच्या नाहीत. नऊवारी लुगडी चार-पाच थर म्हणजे तीन-साडेतीन किलोचं वजन, ते कोपऱ्यातल्या आठ-दहा टाक्यांवर येतं आणि जुनं सूत तिथंच फाटतं. टांगायचीच असेल तर वरच्या पूर्ण कडेला मांजरपाटाची चार इंची खोळ हातानं शिवा, टाका फक्त मागच्या थरातून, आणि आत इंची पाइप घाला. पण मला विचाराल तर टांगूच नका. घरात वाकळ कधी भिंतीवर नव्हती, ती दांडीवर घडी घालून असायची. तशीच ठेवा, सहाही, एकीवर एक. एखादी पसरायचीच तर फाटकी निवडा. जिथं वरचं लुगडं विरलंय तिथं खालचं दिसतं, त्याखाली त्याच्या आधीचं. काठावरून आत-आत जाणारा धावदोरा कुठे वळला, कुठे सुताचा रंग बदलला ते जवळून दिसू द्या. छिद्र मोठं करायचं नाही, उसवून तर मुळीच दाखवायचं नाही.

ती सागवानी कडीच दांडी म्हणून वापरणार असाल तर मध्ये धुतलेला मांजरपाट घाला. लाकडाचा आणि धुराचा डाग सुतात उतरतो, आणि वाकळेखाली कडीवरची ती धुराची रेघही पुसट होते.

आधीची तयारी: एक दिवस सावलीत वारं, तोंडाला जाळी बांधून कमी जोराचा व्हॅक्यूम. धुणं नाही, ड्रायक्लीन नाही. कसरीचा (कापड खाणाऱ्या किडीचा) संशय असेल तर हवाबंद प्लास्टिकमध्ये घालून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे, बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर बाहेरची ओल कापडावर बसते. डांबरगोळ्या नकोत, बंद खोलीत लोकांना त्रास होतो. वेखंडाची पुरचुंडी पुरते. माती पूर्ण वाळल्याशिवाय वाकळा खोलीत आणायच्या नाहीत, आणि जमिनीपासून निदान सहा इंच वर.

---

तुळई

उजेड आणि आवाजाचं राहिलं. खिडक्या आतून काळ्या कापडानं झाका. झरोक्याच्या वर एकच एलईडी स्पॉट, १० ते १५ अंशांच्या झोताचा, पिवळसर. हॅलोजन कापडाजवळ नकोच. उजेडाचा गोल जमिनीवर पांढरीच्या कडेला पडेल असा वळवा, मधोमध पाडला की रंगमंच होतो. काटा आणि दाराची वाट यांना वेगळा मंद उजेड द्या, अंधारात पट्टीला पाय अडकून माणूस पडतो.

बोलणं देवळीतून येऊ द्या. मागे तीन इंची स्पीकर, वायरचा. ब्लूटूथवाला मध्येच झोपतो. मेमरी कार्डवर चालणारा साधा प्लेअर, फाइल एकच, पुन्हा पुन्हा. आवाज एवढाच ठेवा की दीड फुटावर गेल्याशिवाय शब्द कळू नयेत. लाइट जाऊन परत आल्यावर प्लेअर स्वतःहून सुरू होतो का ते आधी बघा. नाही झाला तर छोटा यूपीएस लावा. ध्वनिमुद्रण करताना पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर. प्रश्न भूकंपाचे विचारू नका, घराचे विचारा: पांढरी कुठून आणायचे, माळवदावर कोण चढायचं, पन्हाळ कुठल्या बाजूला होती, वाकळेत कुणाचं लुगडं आहे.

गडगडाटाचा आवाज, हलणारी जमीन, लुकलुकणारे दिवे यातलं काहीही नको. ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, विसर्जनाहून येऊन झोपलेली माणसं त्यात गेली, सुमारे आठ हजार. लातूरच्या प्रदर्शनात येणाऱ्यांत त्यांच्या घरचे असणारच. दारावर साधी सूचना लावा की आत १९९३ चा संदर्भ आहे. गेलेल्यांची नावं लिहायची असतील तर प्रत्येक घरी विचारून, एकानं नको म्हटलं तर ते नाव नाही.

---

काळी_पांढरी

सगळ्यांचे आभार. घंगाळ घरीच राहील. चुलत्यांनी कडी बघितली, एका टोकाला साडेपाच इंच कोरं आहे, दुसऱ्याला पाच. एकच शेवटचं: दहा दिवसांनी ही माती उतरवायची कशी?

---

मातकाम

सारवलेला थर कोरडा फोडू नका, खोलीभर धूळ होईल आणि पुढच्या प्रदर्शनवाल्याशी भांडण. आदल्या रात्री झारीनं हलकं पाणी, सकाळी फावड्यानं फूटभराचे तुकडे काढा. पांढरी आणि काळी वेगळी भरा. पोती ३० किलोच्या वर नकोत, जिन्यावरून दोघांनी न्यायची आहेत. प्लास्टिक शेवटी, चारही कडा आत दुमडून, मधली राहिलेली धूळ आतच ठेवून उचला. खळ फवारलेली पांढरी परत गावठाणात टाकायला हरकत नाही. बोरॅक्सचं पाणी जास्त झालं असेल तर ती शेतात मात्र टाकू नका, कोवळी रोपं जळतात. आणि पोती न्यायला जिना कुठला वापरायचा ते शिपाईमामांना आधीच विचारून ठेवा, उतरवायच्या दिवशी त्याची किल्ली मिळाली पाहिजे.